खालच्या चौरंगावरचं ताट

मी, लिओ बी-युन, कै. होंग जिन-शुई यांची पत्नी, वय सदुसष्ट, धंदा मांडवजेवणाची आचारीण, राहणार नेइमन, काओशुंग, आज पूर्ण शुद्धीत, पोटभर नाश्ता करून आणि सकाळचं औषध वेळेवर घेऊन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकू शकेल अशी एकच व्यक्ती होती, माझ्या सासूबाई, आणि त्यांना जाऊन चौदा वर्षं झाली. माझी स्मृती शाबूत आहे. कोणाला शंका असेल तर गावातल्या कुठल्याही लग्नाचं नाव घ्यावं, त्यात काय खारट झालं होतं ते मी सांगेन.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, इस्पितळाच्या खाटेवर. त्यात एकच वाक्य होतं: शिन-रुला नीट शिकवा. शिन-रु ही माझी एकुलती एक मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची. ती शिकली, ताइचुंगला नोकरीला लागली, तिचं लग्न झालं आणि त्या लग्नाचं जेवण मी स्वतः रांधलं. सबब ते मृत्युपत्र पूर्ण झालं असून याद्वारे रद्द समजावं.

मिळकतीचं वर्णन करण्याआधी एक खुलासा करणं भाग आहे. या देहातलं यकृत माझं नाही. माझं स्वतःचं काविळीने खाल्लं. डोळे हळदीसारखे, पोट घागरीएवढं, आणि हातात झारा धरवेना अशी गत झाली होती. तेव्हा कोणीतरी, ज्याचं नाव, गाव, वय मला ठाऊक नाही आणि नियमाप्रमाणे कधीच कळणार नाही, ते वारलं, आणि त्याच्या घरच्यांनी रडता रडता होकार दिला. तो की ती, हेही माहीत नाही. म्हणून मी 'आमचं माणूस' म्हणते. पुढे जिथे जिथे मी 'माझं' असं लिहिलं आहे, तिथे तिथे त्यात आमच्या माणसाचा हिस्सा आहे असं समजून वाचावं. ते नसतं तर त्यातलं काहीही नसतं.

इस्पितळातून फोन आला तो चांद्र पंचांगाच्या सातव्या महिन्यात. या महिन्यात आमच्याकडे कोणी घर बदलत नाही, लग्न काढत नाही, पोटावर सुरी तर मुळीच चालवून घेत नाही, कारण वाटांवर मेलेले फिरत असतात. माझे मोठे दीर होंग दुन-रेन, ज्यांना मी भाऊजी म्हणते, ते घरातले कर्ते. पूर्वजांचा देव्हारा त्यांच्याच घरी. ते म्हणाले, "हा महिना जाऊ दे. पुढच्या महिन्यात दुसरं मिळेल."

"दुसरं मिळेल?" सासूबाई कडाडल्या. "ते काय बाजारातलं वांगं आहे? दारात आलेल्या पाहुण्याला सांगायचं, मुहूर्त नाही, पंधरा दिवसांनी ये? जिन-शुई, गाडी काढ!"

नवऱ्याने गाडी काढली. आमची भाजीची गाडी, मागे आल्याचा वास. त्या वासात मी काओशुंग शहरात गेले आणि जगले.

कलम पहिले. घर.

रस्त्याला लागून असलेलं दुमजली घर, मागच्या पडवीसह, माझ्या नावावर असून ते माझ्या मांडवांच्या कमाईतून घेतलेलं आहे. ते मी माझी मुलगी होंग शिन-रु हिला देत आहे. त्यासोबत स्वयंपाकघरातला खालचा चौरंगही तिचा. हा चौरंग गुडघ्याइतका उंच, फणसाच्या लाकडाचा, एक पाय किंचित आखूड. घराची किंमत करणारे त्याकडे बघणारसुद्धा नाहीत. शिन-रु, तू बघ. घरातलं बाकी सगळं सामान विकलंस तरी माझं काही म्हणणं नाही, पण चौरंग विकायचा नाही.

त्याची हकिकत अशी. शस्त्रक्रियेनंतर वर्ष झालं, पुन्हा सातवा महिना आला. विसाव्या तिथीला, म्हणजे ज्या दिवशी मला यकृत मिळालं त्या दिवशी, मी आमच्या माणसासाठी ताट वाढलं. आता ताट वाढायचं तर कुठे? घरच्या मेलेल्यांना देव्हाऱ्यापुढे आणि ज्यांचं कोणी नाही त्यांना दाराबाहेर, एवढंच मला माहीत. आमचं माणूस होंग घराण्यातलं नाही, त्यातून मेलं सातव्या महिन्यात. म्हणून मी ते ताट फुटपाथवर, भटक्या भुतांसाठी मांडलेल्या टेबलावर ठेवलं. कागदी नोटांच्या गड्ड्या, बिस्किटांचे पुडे, बिअरचे डबे, आणि मध्ये माझं ताट.

सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या. त्यांनी ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"हे कोणाचं?"

"आमच्या माणसाचं, आई."

"अगं, अक्कल गहाण ठेवलीस का? तुझ्या पोटात राहतंय, तुझं खातंय, तुला जगवतंय, आणि त्याला तू रस्त्यावर जेवायला घालतेस? तेही ह्या फुकट्यांच्या पंगतीत? उचल!"

मी ताट उचलून थेट भाऊजींच्या घरी गेले. म्हटलं, देव्हाऱ्यावर जागा द्या. लाल कागदाची एक पट्टी लावू, त्याच्यापुढे ठेवू. भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"नाव काय लिहू?"

"नाव माहीत नाही."

"आडनाव?"

"तेही नाही."

"जन्माची घटका? मेल्याची? काहीच नाही ना? मग वर कोणाला बसवू? उद्या म्हणशील पोस्टमनलाही बसवा, तोही घरात येऊन जातो. बी-युन, माझे आजोबा वर बसलेत. त्यांनी विचारलं, हा कोण, तर मी काय सांगू?"

मी रडत परत आले. ताटातला भात वाळायला लागला होता. सासूबाई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून विचार करत होत्या. मग त्या म्हणाल्या, "जागेच्या मालकाला आपण कुठे वाढतो?"

जागेचा मालक म्हणजे या जमिनीवर आपल्या आधी जो कोणी राहून गेला तो. प्रत्येक घरात असतो. त्याचं नाव कोणालाच माहीत नसतं, तरी प्रत्येक सणाला स्वयंपाकघरात, खालच्या चौरंगावर, भात, कोंबडीची तंगडी, एक भाजी आणि दारूची वाटी त्याच्यासाठी ठेवतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ठेवत होते.

"त्याचं आडनाव विचारलंस कधी?" सासूबाई म्हणाल्या. "आपल्या आधी तो इथे राहत होता, आता आपण राहतो, म्हणून त्याला जेवण. तुझंही तसंच आहे. जागा त्याची, राहतेस तू. ठेव ते ताट चौरंगावर. आणि तंगडी मोठी ठेव, हात आखडू नकोस."

तेव्हापासून दर वर्षी विसाव्या तिथीला दुपारी ताट स्वयंपाकघरात लागतं. उदबत्त्या विझल्या की त्यातलं अन्न आम्ही गरम करून खातो. भाऊजी दोन घरं सोडून राहतात, पण त्या दिवशी ते कधी आमच्या उंबऱ्यात आले नाहीत. एकदा भर बाजारात म्हणाले होते, "तू आहेस तोवर चालू दे. तू गेलीस की पाहुणाही गेला. मग कोण कोणाला वाढणार?"

हे वाक्य माझ्या पोटात रुतून बसलं आहे. मी गेले तर माझ्यासाठी रडायला शिन-रु आहे, धंद्यातली माझी सहकारी अ-मान आहे, अर्धं गाव आहे. होंगांच्या देव्हाऱ्यावर नवऱ्याशेजारी माझं नाव लागेल. पण आमच्या माणसाचं या घरात माझ्याशिवाय कोणी नाही. ज्यांनी त्याला जन्म दिला ते त्याच्या नावाने वाढत असतीलच, पण ज्या घराला त्याने सव्वीस वर्षं दिली त्या घरात त्याचं ताट बंद व्हावं, हे मला सोसणार नाही. घर मी त्यासाठीच शिन-रुला देत आहे. नोटरीच्या कचेरीतल्या बाईंनी सांगितलं की अशी अट कायद्यात बसवणं अवघड आहे. न बसू दे. शिन-रु, ही अट नाही, मागणं आहे. तुझ्या सासरी हे ताट मांडायला अडचण होईल असं तू म्हणाली होतीस, त्याचा तोडगा पुढे लिहिला आहे.

कलम दुसरे. हत्यारं आणि धंदा.

गॅसच्या सहा भट्ट्या, बांबूच्या वाफवायच्या टोपल्या, पितळी झारे, माझ्या वडिलांचा जाड पात्याचा सुरा, गोल टेबलं, लाल खुर्च्या, मांडवाचं कापड आणि ट्रक हे सगळं माझी सहकारी चुआंग अ-मान हिला. ट्रकचा दुसरा गिअर नीट पडत नाही, तो शिवी दिली की पडतो. कोणती शिवी ते अ-मानला ठाऊक आहे.

अ-मानबद्दल कागदावर काही राहायला हवं. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी मला कच्चं काहीही खाण्याची कायमची बंदी केली. आणि आमच्या पंगतीचं पहिलं ताट म्हणजे कच्च्या माशाचे काप आणि गार शेवंड. आचाऱ्याला चव घेता येत नसेल तर त्याने धंदा बंद करावा. मी तशी तयारीही केली होती. अ-मान तेव्हा माझ्याकडे भांडी घासायची. ती म्हणाली, "बाई, तुम्ही सांगा चव कशी हवी, मी सांगते कशी लागते. माझी जीभ भाड्याने घेतली समजा." आजवर मी कच्चं जे जे मांडलं, त्याची चव तिच्या जिभेने घेतली आहे. एकदाही चुकली नाही. म्हणजे बघा, यकृत एकाचं, जीभ दुसरीची, आणि लोक वाखाणतात बी-युनच्या हाताला.

रात्री नऊला माझ्या खिशात औषधाचा गजर वाजतो. हजार माणसं जेवत असोत, नवरदेव उठून बोलत असो, अ-मान भट्टीपलीकडून ओरडते, "बाई, मालकाचा खुराक!" नवीन आलेल्या बायकांना वाटतं मी 'मालक' नावाचा कुत्रा पाळला आहे.

मी पंचावन्न वर्षांची असताना अ-मान आणि मी सायकलवरून सबंध बेटाला फेरी घातली. पूर्वेच्या चढावर मी म्हटलं, आता नाही जमत. ती म्हणाली, "तुम्हाला नाही जमत ते कळलं. आतल्याला विचारा ना, त्याला समुद्र बघायचा असेल." मी उतरून सायकल ढकलली, पण वर गेले. समुद्र बघताना मी मोठ्याने म्हटलं, बघ बाबा. तेव्हा मला जे वाटलं ते मला लिहिता येत नाही. एवढंच लिहिते की त्या दिवशी मी फार सुखी होते.

कलम तिसरे. पैसा.

बँकेत असेल ते शिन-रुचं. त्यातून माझ्या मांडवातल्या प्रत्येक बाईला एक चांगला कोट घेऊन द्यावा, स्वस्तातला नको.

कलम चौथे. त्सेंग आचारी.

खालच्या आळीतल्या त्सेंग आचाऱ्याने, मी इस्पितळात असताना, माझं ठरलेलं लग्नाचं काम स्वतःकडे वळवलं होतं. मुलीच्या बापाला सांगितलं, "ती बाई काही टिकत नाही." माझ्या तेराव्याचं म्हणा, निरोपाचं म्हणा, जे जेवण असेल ते काम मी याद्वारे त्सेंग आचाऱ्याला देत आहे. त्याला माझ्यातर्फे कळवावं की तुझं म्हणणं खरं ठरलं, फक्त वेळ चुकली. त्याने टाळूला चिकटणारा तो तांदळाचा गोड गोळा करू नये. सूप मात्र तो माझ्यापेक्षा चांगलं करतो. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं.

कलम पाचवे. देह आणि फोटो.

आजारपणात नवऱ्याने माझा एक फोटो मोठा करून ठेवला होता, वेळ आली तर असावा म्हणून. तो कपाटावर पांढऱ्या कापडात आहे. पुढे वेळ आली ती त्याच्यावर, आणि घाईत मला त्याचा धड एक फोटो सापडेना, याचं वाईट वाटतं. माझा तो एक्केचाळिसाव्या वर्षीचा फोटो अंत्यविधीला लावू नये. लोक उगाच हळहळतील. सायकलवरचा, हेल्मेट घातलेला लावावा.

माझ्या देहातलं या वयात जे कोणाच्या उपयोगी पडेल ते द्यावं. डोळे चालतील असं डॉक्टर म्हणतात. यकृताचं विचारून घ्यावं, ते माझं नसल्यामुळे मी परस्पर होकार देत नाही, पण त्याच्या घरच्यांनी एकदा दिला होता, तेव्हा त्यांची हरकत नसावी. शिन-रु, त्या वेळी तू रडत असशील. त्या लोकांनाही रडूच येत होतं. तरी हो म्हण.

कलम सहावे. भाऊजी.

माझे दीर होंग दुन-रेन यांना मी काहीही ठेवलेलं नाही. एक काडीसुद्धा नाही. कोणी याचा चुकीचा अर्थ लावू नये. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये असं कचेरीतल्या बाई म्हणाल्या, आणि मला या कागदावर त्यांची सही हवी आहे.

भाऊजींची डोंगराच्या पायथ्याशी पपनसाची बाग आहे. शस्त्रक्रियेनंतर मी घरी आले आणि चंद्राचा सण आला. "महिना जाऊ दे" म्हणाल्याचं त्यांच्या मनाला लागलं असावं, कारण त्यांनी बागेतलं सगळ्यात गोड पपनस माझ्यासाठी खोकंभर आणलं. मी समजले आणि आनंदाने तीन दिवस पपनसच खाल्लं. इस्पितळाच्या कागदावर लिहिलं होतं, ग्रेपफ्रूट खाऊ नये. ग्रेपफ्रूट म्हणजे ते परदेशी लाल, रस काढतात ते. आमचं पपनस त्याचंच भावंड, हे कोणाच्या डोक्यात येणार? औषध रक्तात इतकं चढलं की माझे हात थरथरायला लागले आणि मला पुन्हा खाटेवर नेऊन टाकलं.

भाऊजी दोन दिवस व्हरांड्यात बसून होते. आत यायची हिंमत झाली नाही. पुढच्या वर्षी चंद्राच्या सणाला खोकं आलं, उघडलं तर आत नुसत्या साली. गर काढून, साली टोपीसारख्या नीट कापलेल्या. चिठ्ठी नाही काही नाही. शिन-रुने एक डोक्यावर घातली आणि पोट धरून हसली. तेव्हापासून दर वर्षी खोकंभर टोप्या येतात. आता नातू घालतो. ताटासाठी आमचं पटलं नाही, पण टोप्या कधी चुकल्या नाहीत.

यंदा सातव्या महिन्यात मी न्हाणीघरात घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. विसावी तिथी आली तेव्हा मी इस्पितळात, पाय बांधलेला. शिन-रु माझ्याजवळ, घराला कुलूप. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ताट चुकणार होतं. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. मनात म्हणत होते, बघ, मी अजून जिवंत आहे आणि तुझं ताट आत्ताच बंद झालं.

दुपार कलल्यावर भाऊजी आले. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, दोन बस बदलून. हातात स्टीलचा डबा. तो माझ्या पोटाशी ठेवला आणि म्हणाले, "खा. गार झालं असेल."

उघडला. भात, हिरवी भाजी, कोंबडीची तंगडी. मोठी.

"हे कुठलं?"

"चौरंगावरचं. किल्ली आहे ना माझ्याकडे. उदबत्त्या विझेपर्यंत बसलो, मग डबा भरला."

शिन-रु म्हणाली, "पण काका, तुम्ही तर म्हणायचात, नाव नाही, आडनाव नाही..."

"नाहीच आहे. मी कुठे देव्हाऱ्यावर बसवलं? स्वयंपाकघरात वाढलं. आईने जागा ठरवली होती, मी फक्त ताट ठेवलं." मग म्हणाले, "चौरंग डुगडुगतो. पायाखाली पुठ्ठा घातलाय. आणि झाडावरचं पहिलं पपनस होतं, तेही सोलून ठेवलं. पुरतं पिकलं नव्हतं."

"भाऊजी, मला पपनस चालत नाही."

"तुला कोण देतंय? त्याला दिलं. तुझ्या औषधांपायी त्या बिचाऱ्याने सव्वीस वर्षं पपनस तोंडात घातलं नाही. कोणी विचारलं त्याला?"

मी एवढी हसले की नर्स धावत आली. हसता हसता रडले. तंगडी सगळी खाल्ली. पपनस भाऊजी स्वतः खाऊन आले होते, आंबट होतं म्हणाले.

तेव्हा तोडगा असा. माझ्यानंतर विसाव्या तिथीचं ताट भाऊजी आहेत तोवर भाऊजींनी, याच घरात, याच चौरंगावर मांडावं. त्यानंतर शिन-रुने. शिन-रु, हे तुझं माहेर आहे, सासरची काही हरकत यायचं कारण नाही. वर्षातून एकदा ये, कुलूप उघड, तंगडी मोठी ठेव.

कलम शेवटचे.

होंगांच्या देव्हाऱ्यावर नवऱ्याशेजारी माझं नाव लागेल, ते लागू द्या, मला तिथे बरं वाटेल. फक्त त्या एका दुपारी मला वर ठेवू नये. माझी वाटी खाली आणून चौरंगावर आमच्या माणसाच्या ताटाशेजारी ठेवावी. एवढी वर्षं एका देहात राहिलो, एकमेकांची तोंडं पाहिली नाहीत. भेट झाली की मी त्याला आधी खाऊ घालणार आहे आणि मग आभार मानणार आहे, कारण उपाशी माणसाला आभार ऐकू जात नाहीत. कच्च्या माशाचे काप ठेवावेत, चव अ-मानने बघावी. आणि पपनस ठेवावं, सोलून. आता मलाही चालेल.

हे सर्व मी वाचून पाहिलं आहे आणि मला मान्य आहे.

सही: लिओ बी-युन
ठिकाण: नेइमन, काओशुंग, राहत्या घराचं स्वयंपाकघर
प्रजासत्ताकाचं वर्ष ११३, म्हणजे सन २०२४, नोव्हेंबर महिन्याची नऊ तारीख

साक्षीदार पहिले: श्ये वान-चिंग, औषधांच्या दुकानाची मालकीण. माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरे: जियान तिएन-लू, मांडववाले. माझ्यासमोर सही केली. त्सेंग आचाऱ्याला मी कळवीन.

साक्षीदार तिसरे: होंग दुन-रेन, दीर. सगळं वाचलं. एक पपनस दोघांना पुरणार नाही. दोन ठेवीन.